टॉर लावलं की मी दिसेनासा होईन का?

प्रश्न : ताई, मी एका जिल्हा परिषदेत लिपिक आहे. पाणीपुरवठ्याच्या कामांची बिलं माझ्या टेबलावरून पुढे जातात. एका ठेकेदाराच्या कामात पाइप कागदावर एक मीटर खोल आहे, गावात मात्र कुदळीचे चार घाव घातले की लागतो. साहेबांच्या कानावर तोंडी घातलं, तर "तुझं काम फाइल पुढे सरकवायचं" म्हणाले. मोजमाप पुस्तकाच्या पानांचे फोटो माझ्याकडे आहेत. पुण्यात आयटीत असलेला आतेभाऊ म्हणतो, व्हीपीएन घे, त्यावर टॉर लाव, नवीन खातं उघड आणि सगळं टाकून दे, सरकारच्या बापालाही पत्ता लागणार नाही. खरंच लागणार नाही का? की बायकोच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकू? तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगावं का, तेही कळत नाही. नमुन्यादाखल एक फोटो जोडतोय. नाव छापू नये.

उत्तर : नाव छापलेलं नाही. शिवाय तालुका, ठेकेदाराचं आडनाव, तुमची किती वर्षं नोकरी झाली आणि बायको कुठल्या शाळेवर आहे, हेही तुमच्या पत्रातून काढून टाकलंय. नाव लपवायला सांगणाऱ्या माणसाने हे सगळं लिहायचं काही कारण नव्हतं. तुमच्या तालुक्यातल्या कुणीही ते पत्र वाचून चहा संपायच्या आत तुमचं नाव सांगितलं असतं. फोटो पाहिला आणि मेलसकट पुसून टाकला. त्या फोटोबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आधी आतेभावाचा निकाल लावू. व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट एका कंपनीच्या मशीनमधून फिरवून नेणारी सेवा, आणि टॉर म्हणजे आपण कुठून आलो ती वाट लपवणारं सॉफ्टवेअर. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि घोटाळा होतो तो अशाच अर्ध्या बरोबर सल्ल्यांनी.

टॉर हे काही भुरट्यांचं खेळणं नाही. त्यामागची कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यात जन्मली. २००२ मध्ये जाळं सुरू झालं आणि २००६ पासून एक ना-नफा संस्था ते सांभाळते. तुम्ही एखादी साइट उघडलीत की तुमची विनंती स्वयंसेवकांनी चालवलेल्या तीन मशीनमधून फिरून जाते. पहिल्या मशीनला तुम्ही कुठून आलात ते दिसतं, पण कुठे चाललात ते दिसत नाही. शेवटच्याला कुठे चाललात ते कळतं, पण कुठून आलात ते नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. एनएसए या अमेरिकी हेरसंस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेली तिची कागदपत्रं २०१३ मध्ये छापून आली. त्यात सगळ्या टॉर वापरणाऱ्यांची ओळख सतत उघड करणं आपल्याला कधीच जमणार नाही, असं एनएसएनेच लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे हत्यार चांगलं आहे. भारतात टॉर किंवा व्हीपीएन वापरण्यावर देशभर लागू असलेली बंदीही नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी वेळोवेळी व्हीपीएनवर बंदीचे आदेश काढलेत, एवढंच.

पण टॉर लपवतं ते फक्त वाट. तुम्ही टॉर वापरताय ही गोष्ट ते लपवत नाही. तुमच्या मोबाइल कंपनीला किंवा ब्रॉडबँडवाल्याला तुम्ही टॉरला जोडला गेलात हे दिसू शकतं.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बॉम्ब ठेवल्याचे मेल आले आणि इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. मेल पाठवणाऱ्याने टॉर लावलं होतं, मेलची सेवाही तात्पुरते पत्ते देणारी होती. तरी एफबीआय लवकरच एका विद्यार्थ्याच्या दारात उभी राहिली. त्यांनी टॉर फोडलं नव्हतं. मेल टॉरमधून आलाय हे दिसत होतं, आणि त्याआधीच्या काही तासांत विद्यापीठाच्या वायफायवरून टॉरला कोण जोडलं गेलं होतं, याची नोंद विद्यापीठाकडे होती. परीक्षा चुकवण्यासाठी कुणी हे केलं असेल, तर ती परीक्षा कोणती आणि कुणाकुणाची होती, हा हिशेबही अवघड नव्हता. विचारल्यावर पोराने कबूल करून टाकलं.

विद्यापीठात निदान हजारो विद्यार्थी होते. तुमच्या तालुक्याच्या गावात त्या रात्री टॉर वापरणारे किती असतील? वारीत मिसळलेला माणूस सापडत नाही; पारावर बसलेल्या चौघांपैकी एकाने तोंडाला उपरणं गुंडाळलं, तर तोच आधी डोळ्यांत भरतो. निनावीपण सॉफ्टवेअरमधून मिळत नाही, ते तुमच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या संख्येतून मिळतं. तुमच्या प्रकरणात ती संख्या किती, हे आता तुमच्या फोटोवरून पाहू.

मोजमाप पुस्तकाचं पान. उजवीकडे खाली शाखा अभियंत्याची सही आहे, उपअभियंत्याची जागा कोरी आहे. म्हणजे वही शाखा अभियंत्याकडून निघाल्यावर आणि उपअभियंत्याकडे पोहोचायच्या आत हा फोटो निघाला. त्या दिवसांत वही कुणाच्या टेबलावर होती, ते आवक-जावक नोंदवहीत लिहिलेलं असेल. पानाच्या कडेला पेन्सिलने बरोबरच्या खुणा आहेत. बेरीज तपासताना अशा खुणा करायची सवय तुमची असेल, तर ती सगळ्या शाखेला ठाऊक असणार. वरच्या कोपऱ्यात हिरव्या काचेची कड आली आहे, टेबलावरची असावी. फोटोच्या फाइलमध्ये फोनचं मॉडेल आणि काढल्याची तारीख-वेळ होती. लोकेशन बंद होतं, तेवढं बरं. फाइलमधली ही माहिती पुसता येते, पण कोरी राहिलेली सही पुसता येत नाही. मी तंत्रज्ञ आहे, लेखापरीक्षक नाही. मला एवढं दिसलं, तर तुमच्या साहेबांना किती दिसेल?

अमेरिकेत २०१७ मध्ये हेच घडलं. एनएसएसाठी काम करणाऱ्या एका कंपनीतल्या रिअ‍ॅलिटी विनर या तरुणीने एक गोपनीय अहवाल छापून घेतला आणि टपालाने एका वृत्तसंस्थेला पाठवला. इंटरनेटचा संबंधच नाही. वृत्तसंस्थेने खातरजमेसाठी त्याची प्रत सरकारला दाखवली. कागदावर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे तो छापून बाहेर नेलेला होता. कुणी छापला याची नोंद पाहिली तर सहा जण निघाले. त्या सहांपैकी एकीनेच कार्यालयाच्या कॉम्प्युटरवरून त्या वृत्तसंस्थेला पूर्वी मेल केला होता. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची कैद झाली. तिथे सहा जण होते. तुमच्या वहीच्या बाबतीत शाखा अभियंता, तुम्ही आणि फार तर आणखी एक-दोघं. शाखा अभियंता स्वतःच्याच सहीचं पान चव्हाट्यावर मांडणार नाही. त्यातून तुम्ही साहेबांना तोंडी सांगून ठेवलेलं आहे. पोस्ट पडली की साहेब कॉम्प्युटरकडे बघणारच नाहीत, सरळ तुमच्याकडे बघतील. मग टॉरमधून टाका नाहीतर दिल्लीच्या विमानातून टाका. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सरकारच्या बापाचा. कायद्याने सरकारच्या हातात काय आहे ते माहीत असू द्या, पण त्याने दडपून जाऊ नका.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवाच्या आदेशाने कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती अडवता, पाहता किंवा उलगडायला लावता येते. डिसेंबर २०१८ मध्ये गृह मंत्रालयाने १० यंत्रणांना यासाठी अधिकृत केलं. सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोनवरच्या संभाषणासाठी आधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम आहेत. या आदेशांना न्यायाधीशाची सही लागत नाही, ते तपासणारी समितीही अधिकाऱ्यांचीच असते. माझ्या मते आपल्याकडच्या पाळतीतला सगळ्यात मोठा दोष हाच. देणारे तेच, तपासणारेही तेच.

कोर्टाने लगाम खेचल्याची उदाहरणंही आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच टॅपिंग करता येतं आणि इथे दोन्ही नव्हतं, असं न्यायालयाचं म्हणणं. चांगला निकाल आहे. फक्त असा दिलासा मिळतो तेव्हा ऐकणाऱ्यांचं ऐकून झालेलं असतं.

तुमच्यासारख्या प्रकरणात एवढं मोठं काही लागतच नाही. ठेकेदाराने तक्रार दिली, तीत एखादं दखलपात्र कलम बसलं, की पोलिस ठाण्याचा प्रभारी अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ९४ खाली कंपनीला नोटीस काढून विचारू शकतो : हे खातं कुठल्या नंबरवरून उघडलं, कुठल्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या कुठल्या क्रमांकावरून, वापरलं? मोबाइल कंपन्यांना कॉलच्या आणि इंटरनेट जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. नवं खातं उघडताना मोबाइल नंबर मागतात आणि सिम केवायसीचं असतं, तेव्हा बरीच टॉरप्रकरणं पहिल्याच पायरीवर आटोपतात.

व्हीपीएनचं आणखी निराळं. त्यात तीन मशीन नाहीत, एकच कंपनी आहे. म्हणजे आपण मोबाइल कंपनीवरचा भरवसा काढून दुसऱ्या कंपनीवर ठेवला, एवढंच. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, संपर्क आणि त्यांना दिलेले आयपी पाच वर्षं जपून ठेवायचे. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. परदेशी कंपनी म्हणजे अभेद्य किल्ला, असंही समजू नका. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनमेलला तिथल्या अधिकाऱ्यांच्या आदेशाने फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी नोंदवून द्यावा लागला. मेलमधला मजकूर कुणी वाचला नाही, वाचायची गरजच पडली नाही. आणि आतेभावाला विचारा, व्हीपीएनचे पैसे कुठून भरायचे? यूपीआयने?

सायबर कॅफे हा जुना उपायही सोडून द्या. २०११ च्या नियमांप्रमाणे कॅफेवाल्याने ओळखपत्र पाहून नोंद करायची आणि ती वर्षभर ठेवायची असते. नियम पाळला जात नसला तरी बाहेरच्या झेरॉक्सवाल्याचा कॅमेरा चालू असतोच.

टॉर स्वतः कधी फुटतं का? फुटतं, पण त्यामागे वेळ आणि पैसा ओतावा लागतो. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी टॉरच्या जाळ्यात स्वतःची मशीन घुसवून माहिती मिळवली आणि अमेरिकी तपास यंत्रणेने समन्स काढून ती घेतली. जर्मन पोलिसांनी एका खटल्यात टॉरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या डेटाच्या वेळा जुळवल्या. मग एका ठरावीक प्रवेश-मशीनला आपले कुठले ग्राहक जोडले जातात, हे मोबाइल कंपनीकडून काढून घेतलं. २०२४ मध्ये तिथल्या पत्रकारांनी हे उजेडात आणलं. याच्याही पलीकडचं म्हणजे फोनच ताब्यात घेणं. पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरलं, की टॉर, व्हीपीएन, व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप, सगळं निरर्थक. कारण ते तुमच्या खांद्यावरून स्क्रीन वाचत असतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला २०२२ मध्ये तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगाससच, असं ठाम म्हणता आलं नाही, आणि केंद्राने सहकार्य केलं नाही असं समितीने नोंदवल्याचं सरन्यायाधीशांनी सांगितलं. हे काळजीचं आहे, पण तालुक्याच्या पाइपलाइनसाठी तुमच्यावर कुणी पेगासस सोडणार नाही.

तुमच्यावर पाळत असेल ती वेगळ्या जातीची. ठेकेदार, त्याच्या ओळखीचा कुणीतरी हवालदार, आणि तुमच्या शेजारच्या टेबलावरचा मित्र. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. कायद्याने सरकारसाठी साठवलेली माहिती अशी बाजारात येते. त्यामुळे "सरकारला कळेल का" यापेक्षा "ठेकेदाराला कळेल का" हा प्रश्न तुमच्या पोटापाण्याच्या आणि हातापायाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मी हे उगाच म्हणत नाही. सत्येंद्र दुबे या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या अभियंत्याने २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार कळवला आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. न्यायालयात तो लुटारूंनी केलेला खून ठरला. पण पत्र गुप्त राहिलं नव्हतं, हे तर खरंच. ते कुणी हॅक केलं नव्हतं. नेहमीच्या शेऱ्यांसह नेहमीच्या रस्त्याने गेलं होतं.

त्या घटनेनंतर २००४ मध्ये केंद्राने माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव केला. त्याप्रमाणे केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात, नाव आतल्या कागदावर लिहून तक्रार देता येते. पण तो केंद्र सरकारचे कर्मचारी आणि केंद्राचे उपक्रम यांच्यापुरता आहे, जिल्हा परिषद त्यात बसत नाही. २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा, राज्यांनाही लागू झाला असता. संसदेने तो मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि अजून तो अमलात आणलेला नाही. म्हणजे तुमच्यासाठी तयार छत्री कुठेच नाही, हे धरून चालू.

मग करायचं काय? फोटो बाजूला ठेवा आणि पाइपकडे बघा.

वही चार टेबलांवर फिरली, पण पाइप सगळ्या गावात पुरलाय. तो किती खोल आहे हे बैल हाकणाऱ्याला, नांगर चालवणाऱ्याला, गटार खणणाऱ्याला, कुणालाही कळू शकतं. जो पुरावा कुणालाही सापडू शकतो, तो कुणी दाखवला हे शोधता येत नाही. तुमचं खरं निनावीपण तिथे आहे. त्यासाठी ना टॉर लागत, ना तुमच्या फोनमधला एकही फोटो.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये फक्त कागदाच्या प्रती मागायचा हक्क नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही आहे. हे फार थोडे लोक वापरतात. अर्जदाराने मोजमाप पुस्तकाची प्रत मागायची आणि त्याच कामाची प्रत्यक्ष पाहणीही मागायची. एकदा ते पान शिक्क्यानिशी जन माहिती अधिकाऱ्याकडून बाहेर आलं, की ते तुमच्या टेबलावरचं पान राहत नाही, जनतेचं होतं. त्यावर उपअभियंत्याची सहीही असेल. खोटं पूर्ण झालेलं असेल, आणि सह्या करणारे सगळे त्यात असतील.

अर्ज बायकोच्या नावाने मुळीच नको. आडनाव एक, पत्ता एक. यापेक्षा स्वतःच्या नावाने टाकलेला बरा. गावातल्या एखाद्या भोळ्या माणसाला पुढे करू नका, तेही पाप आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनीचे व्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. अर्ज अशा माणसाने किंवा संस्थेने करावा जी हेच काम वर्षानुवर्षं करते, जिच्यामागे वकील आणि वार्ताहर आहेत आणि जी शक्यतो तुमच्या तालुक्याबाहेरची आहे. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, तेव्हा एकाच अर्जात सगळं कोंबता येणार नाही. पण तुमच्या एका गावाऐवजी जिल्ह्यातल्या त्याच योजनेच्या अनेक गावांची कामं वेगवेगळ्या अर्जांनी मागितली, तर बोट एकाच टेबलाकडे वळत नाही. घरचा पत्ता द्यायचा नसेल, तर टपाल पेटी क्रमांकावरही उत्तर मागवता येतं. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं म्हटलंय आणि केंद्राने ते सगळ्या खात्यांना कळवलंही आहे.

त्या संस्थेशी किंवा वार्ताहराशी बोलणं कसं करायचं? समोरासमोर. फोन घरी ठेवून, दुसऱ्या कामासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाल तेव्हा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं. पण कुणी कुणाशी किती वाजता बोललं, हे कुलूपबंद नसतं. आणि समोरच्याने काढलेला स्क्रीनशॉट कुठलंच कूटलेखन (एन्क्रिप्शन) अडवू शकत नाही. भेटीत फोटो देऊ नका. कुठल्या गावातल्या कुठल्या टप्प्यावर खणून बघायचं, तेवढं सांगा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तिची सगळ्यात जास्त काळजी वाटते. ही बिलं तुमच्या टेबलावरून गेली, म्हणजे नस्तीवर तुमचीही आद्याक्षरी आहे. उद्या चौकशी लागली तर ठेकेदार कोर्टात जाईल, साहेब बदली करून घेतील आणि निलंबन लिपिकाचं होईल. हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा पुढचं बिल येईल त्यावर तुमच्या कामाच्या चौकटीत बसणारा एक साधा शेरा लिहा : 'स्थळपाहणी अहवाल व खोलीचे छायाचित्र नस्तीत दिसून येत नाही. आदेशार्थ सादर.' असा शेरा मारणं हे लिपिकाचं कामच आहे, ती तक्रार नव्हे. साहेबांनी तो खोडला तर खोडल्याची खूण राहते. नस्ती ई-ऑफिसवर असेल तर उत्तमच. तिथे शेरा पुसता येत नाही, कुणी कधी वाचला तेही दिसतं. पाळतीची यंत्रणा अशी कधी आपल्याही कामी येते.

फोनमधल्या फोटोंचं बघा. गूगल फोटोजवर ते आपोआप चढलेत का? घरच्या टीव्हीला किंवा बायकोच्या टॅबला तेच खातं जोडलेलं असेल, तर पाहुण्यांसमोर स्लाइडशोमध्ये मोजमाप पुस्तक यायला वेळ लागणार नाही. नवे फोटो काढू नका. काढलेले कुणालाही पाठवू नका, आतेभावाला तर नाहीच. त्याला पाठवले असतील तर कुठे ठेवलेत ते विचारा. पुसायचे की ठेवायचे, हे मी इथून ठरवणार नाही. सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला आधी भेटा, कारण कार्यालयीन कागद परवानगीशिवाय बाहेर देणं हा वर्तणूक नियमांचा भंग ठरतो आणि त्याच वेळी तेच कागद उद्या तुमचा बचावही असू शकतात. समाजमाध्यमांवर काय लिहावं आणि काय लिहू नये याबद्दल राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये वेगळा शासन निर्णयही काढलाय. तोही वकिलाबरोबर वाचून घ्या.

प्रकरण लाच मागण्यापर्यंत गेलं, म्हणजे टक्केवारीसाठी तुमच्यावर थेट दबाव आला, तर मात्र थांबू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. तिथे निनावी राहण्यात अर्थ नाही, तक्रारदार समोर असल्याशिवाय सापळा लागत नाही.

टॉर शिकायचंच असेल तर जरूर शिका. रोज, साध्या कामांसाठी, बातम्या वाचायला वापरा. गरज पडली त्या एकाच रात्री ते पहिल्यांदा उघडणं सगळ्यात वाईट.

आणि बायकोला सांगा. अर्ज कुणीही टाकला तरी निलंबनाचा कागद आला तर तो तुमच्या दोघांच्या घरी येईल, हप्ते दोघांच्या पगारातून जातात, आणि शाळेत तिला कुणीतरी खोचकपणे विचारेलच. काही ठरवायच्या आधी सांगा, ठरवून झाल्यावर नको. ती नको म्हणाली, तर तिची कारणं नीट ऐकून घ्या. तालुक्यात कोण कुणाचा मेहुणा आहे, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असण्याची शक्यता आहे.